उत्तर कोणी द्यायचं? दिव्यांग मुलांचं शिक्षण आणि जिल्हा परिषद

मंडळी, आज विषय जरा रुक्ष वाटेल असा आहे. हेदवीत बोलतोय, तर इथलंच उदाहरण घेऊ. समजा, एका वाडीवर नऊ वर्षांची मुलगी आहे. तिला ऐकू कमी येतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिचं नाव आहे, हजेरीही लागते. चौथीत गेली तरी तिला वाचता येत नाही. आता हे उत्तर कोणी द्यायचं? गुरुजी म्हणणार, मला याचं प्रशिक्षण नाही. केंद्रप्रमुख गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे बोट दाखवणार, ते जिल्ह्याकडे, जिल्हा मंत्रालयाकडे. गंमत अशी की यातला एकही माणूस खोटं बोलत नसतो.

कायदा मात्र असा गोल फिरत नाही. शिक्षणहक्क कायदा २००९चा. त्याच्या नवव्या कलमानं हे कर्तव्य ‘स्थानिक प्राधिकरणा’वर टाकलंय. खेड्यात ते म्हणजे जिल्हा परिषद. त्यानंतर २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. त्यात दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल, तर अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. पण मला त्यातलं सोळावं कलम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते म्हणतं, प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग, त्याची प्रगती आणि त्याचं शिक्षण पूर्ण होणं, यावर लक्ष ठेवा. ‘प्रत्येक’ हा शब्द आहे तिथे. सरासरीचं बोलतच नाही ते कलम.

आणि आपण मोजतो काय? यू-डायसच्या माहितीत शाळेला विचारतात: रॅम्प आहे का, त्याला कठडा आहे का, वेगळं स्वच्छतागृह आहे का. हे हवंच, मी नाही म्हणत नाही. पण आपल्या कोकणात घर ते रस्ता मध्ये चिऱ्याची पाखाडी असते. पाऊस पडला की धडधाकट माणूस घसरतो तिच्यावरून! व्हीलचेअरवरचं मूल शाळेच्या रॅम्पपर्यंत पोचतं कसं, हा रकाना फॉर्मात नाही. आणि त्या ऐकू न येणाऱ्या मुलीला रॅम्पचा उपयोग काय? शाळेचा तक्ता मात्र पूर्ण भरलेला असतो.

अमेरिकेत हेच झालं होतं. तिथे १९७५ पासून अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा आहे. अनेक वर्षं केंद्र सरकार मुख्यतः नियम पाळले की नाही हे बघायचं. कागद चोख, मुलं मागे. मग २०१४ मध्ये त्यांनी मुलांना काय आलं हेही मोजायला घेतलं. राज्यांना दरवर्षी चार गटांत टाकतात: अपेक्षा पूर्ण, मदत हवी, हस्तक्षेप हवा, मोठा हस्तक्षेप हवा. राज्यांनी आपल्या शालेय जिल्ह्यांनाही तसंच जोखायचं. मला यातले शब्द आवडले. दुसऱ्या पायरीचं नावच ‘मदत हवी’ आहे. आपल्याकडेही जिल्ह्यांचा प्रतवारी निर्देशांक आहे, ६०० गुणांचा, ८३ निकषांचा. पण ६००तले गुण बघून त्या मुलीला वाचता येतं का, हे कळत नाही.

आता तत्त्वज्ञानाचा मास्तर असल्यामुळे कांटला आणल्याशिवाय मला राहवत नाही. जे करणं शक्यच नाही, ते कर्तव्य म्हणून सांगता येत नाही, हा त्याचा मुद्दा. विशेष शिक्षकच नसेल, तर जिल्ह्याला जाब विचारणं अन्यायाचं होईल. बरोबर. पण शक्य करून देणं हेही कुणाचं तरी कर्तव्य असतंच ना? म्हणजे प्रश्न संपला नाही, एक पायरी वर गेला.

ती पायरी सर्वोच्च न्यायालयानं गाठली. रजनीश कुमार पांडे खटल्यात, २०२१ मध्ये. प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक. ७ मार्च २०२५ला न्यायालयानं राज्यांना पुन्हा बजावलं की पदं जाहीर करा, नियमित भरा. महाराष्ट्रानं त्याआधी, २०२४ मध्ये, ४,८६० पदं मंजूर केली, शाळांच्या केंद्राला एक या हिशेबानं. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्या विशेष शिक्षकांना त्यानं दिलासा मिळाला.

पण हिशेब करून बघा. आपल्याकडे शाळेचा पट कुठे बारा, कुठे पंधरा. त्यात दिव्यांग मूल एखादंच. केंद्रात दहा शाळा धरल्या, तर त्या शिक्षकाला एका शाळेत महिन्यातून दोनदा जाता येईल. उरलेले वीस दिवस ती मुलगी नेहमीच्या गुरुजींसमोरच बसणार. म्हणून मी म्हणतो, विशेष शिक्षकानं मुलीला शिकवण्याइतकंच गुरुजींना शिकवायला हवं: तोंड तिच्याकडे करून बोला, पहिल्या बाकावर बसवा, फळ्यावर लिहा. याला मोठा निधी लागत नाही. श्रवणयंत्राला लागतो, आणि प्रमाणपत्रासाठी रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयाची खेप पडते. तवसाळहून जयगडला फेरीबोट, पुढे एसटी, त्या दिवसाची मजुरी बुडाली. अशी शिबिरं तालुक्याला नेमानं घेणं, हीच जिल्ह्याची खरी परीक्षा.

पालकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. कलम ३२ प्रमाणे लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते, निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं त्याच्याच दारात, हा दोष आहेच. पण पुढे राज्य बालहक्क आयोगाकडे अपील आहे, आणि पुण्यात दिव्यांग आयुक्तही आहेत. त्याआधी शाळा व्यवस्थापन समिती. तिथे पंचाहत्तर टक्के पालकच असतात. पुढच्या सभेच्या इतिवृत्तात एवढंच लिहून घ्या: अमुक मुलीला जूनमध्ये काय येत होतं, दिवाळीनंतर काय येतंय, आणि मधल्या काळात विशेष शिक्षक कितीदा आले.