क्ष-किरणांचे माप आणि संगणक

हुपरीच्या कारागिरास चांदीची तार बारीक करावयाची झाल्यास तो ती पोलादी पट्टीच्या भोकातून ओढतो. भोकाची कड खडबडीत असली की तारेवर चरे उमटतात. दवाखान्यातील क्ष-किरणांची पारख करणाऱ्या शास्त्रज्ञांपुढेही असाच एका भोकाचा प्रश्न असतो. त्याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहो.

रंटजेन ह्यांनी १८९५ साली शोधून काढलेले हे किरण नळीतून निघतात ते सारखेच बलवान नसतात. दुर्बळ व सबळ कणांचे ते मिश्रण असते. फार दुर्बळ कण रोग्याच्या अंगातच जिरतात. त्यांनी चित्र तर उमटत नाहीच, उलट अपायाचा संभव मात्र वाढतो. म्हणून नळीपुढे ॲल्युमिनियमचा पत्रा बसवितात. तो पुरेसा आहे की नाही हे नीट समजण्यास कोणत्या शक्तीचे किती कण आहेत, म्हणजेच किरणांचा वर्णपट, ठाऊक असावा लागतो.

परंतु नळीतून कणांचा लोंढाच येतो. मापनाच्या स्फटिकावर दोन कण एकदम आदळले, तर दोहोंची बेरीज होऊन एकच बलवान कण नोंदला जातो. ह्यासाठी शिसे किंवा टंगस्टन ह्यांच्या जाड चकतीस अतिशय बारीक छिद्र पाडून तेवढ्यातूनच किरण आत घेतात. ह्या साधनास कॉलिमेटर म्हणतात. तथापि छिद्राच्या कडेवर आपटून काही कण शक्ती गमावून तिरपे आत शिरतात. काही पातळ कड भेदून जातात. शिवाय ८८ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टांहून अधिक शक्तीचे कण पडल्यास शिसे स्वतःच सुमारे ७५ शक्तीचे कण बाहेर टाकते. पाहुण्यांची गणती करताना घरच्या माणसांचीही नोंद व्हावी, तसे हे होय.

दर खेपेस नवी चकती घडवून पाहणे खर्चाचे व वेळखाऊ असते. येथे मेट्रोपोलिस व उलाम ह्यांनी १९४९ साली लेखरूपाने मांडलेली ‘माँटे कार्लो’ रीती उपयोगी पडते. संगणक एकेक कल्पित कण सोडतो आणि तो कोठे अडेल, कोठे वळेल हे त्या धातूच्या ज्ञात गुणधर्मांस अनुसरून, जणू फासे टाकून, ठरवितो. असे लक्षावधी कण सोडले म्हणजे कोणत्या रुंदीच्या छिद्राने व किती जाडीच्या चकतीने भेसळ कमी होते, हे आधीच दिसून येते. मग निवडलेला घाट घडवून प्रत्यक्ष मोजणीशी ताळा पाहावा लागतो. कारण संगणकास पुरविलेली माहिती सदोष असेल, तर उत्तरही सदोषच यावयाचे.

आपल्या देशात अशा यंत्रांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले. पालकांनीही आवश्यक तपासणीस भिऊ नये. मात्र पूर्वीचे चित्र असल्यास ते वैद्यांस अवश्य दाखवावे. चांदीच्या तराजूत खोट असली तर पैशाचेच नुकसान होते. किरणांच्या मापातील खोट लहान मुलाच्या कोवळ्या देहास भोगावी लागते. म्हणूनच एवढ्याशा छिद्रासाठी इतकी दक्षता!