माहुलीवर मावळलेली निजामशाही

शहापूर तालुक्यात आसनगावजवळ भातखाचरांच्या मागे माहुलीचा गड उभा आहे. इसवी सन १६३६ मध्ये याच गडावर एका राज्याची शेवटची झुंज झाली.

अहमदनगरची निजामशाही १४९० मध्ये मलिक अहमदने जुन्नरच्या बळावर उभी केली. जुन्नर म्हणजे मुरबाडकरांचे नाणेघाटावरचे शेजारी. १६३३ मध्ये मोगलांनी दौलताबाद घेतले, सुलतान हुसेनला कैद केले. राज्य बुडाले असेच सर्वांनी धरले. पण शहाजीराजांनी संगमनेरकडील पेमगिरीवर निजामशाही घराण्यातील मुर्तझा नावाच्या लहान मुलाला गादीवर बसवले आणि तीन वर्षे त्याच्या नावाने कारभार चालवला.

१६३६ मध्ये बादशहा शाहजहान स्वतः दक्षिणेत आला. विजापूरच्या आदिलशहाने त्याच्याशी तह केला आणि निजामशाहीचा मुलूख दोघांनी वाटून घेतला. बांधाला बांध लागून असलेला शेजारीच उलटल्यावर एकट्याने राखण किती दिवस करायची? माझ्या मते लढाईचा निकाल त्या तहातच लागला होता.

पावसाने मात्र थोडी साथ दिली. घोड नदीला पूर आल्यामुळे मोगल सरदार खानजमान जवळजवळ महिनाभर काठावरच अडकून पडला. आपल्याकडे श्रावणात बैलगाडीचे चाक रुतले तर काय हाल होतात ते ठाऊक आहेच. तिथे तर तोफा, घोडे आणि हजारोंची फौज होती! पूर ओसरताच तो मागावर निघाला. शहाजीराजे कोकणात उतरले. तेथे कोठे आसरा मिळेना. बरोबरची माणसे पांगू लागली. अखेर बालराजासह ते माहुलीवर आले.

गडाला एका अंगाने खानजमान व दुसऱ्या अंगाने विजापूरचा रणदुल्लाखान असा वेढा पडला. शहाजीराजांनी बादशाही चाकरीची तयारी दाखवली. ती नाकारली गेली. जीव वाचवायचा तर आदिलशहाकडे जा, असे उत्तर आले. ऑक्टोबरमध्ये तह झाला. जुन्नर, त्र्यंबक, त्रिंगलवाडी, हरिश्चंद्रगड असे किल्ले द्यावे लागले. सर्वांत कठीण अट म्हणजे मुर्तझाला स्वाधीन करणे. तीही पाळावी लागली.

शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत गेले. मुर्तझाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. अहमदनगर आणि दौलताबाद येथे पकडलेले दोन निजामशहा तेथे आधीच कैदेत होते. हा तिसरा.