चाळीस रुपयांचा कारकून

बीड, अंबाजोगाई, माजलगावच्या अभ्यासिकांत दरवर्षी एकच प्रश्न फिरतो : यंदा जागा किती? ऑगस्ट २०२५ मध्ये आयबीपीएसने सरकारी बँकांच्या लिपिकपदासाठी जाहिरात काढली तेव्हा देशभरात १०,२७७ जागा होत्या. स्टेट बँकेने त्याच सुमारास ६,५८९ जागा काढल्या. मूळ पगार २४,०५० रुपयांपासून, वर महागाई भत्ता. पदाचं नावही आता भारदस्त झालंय, ‘ग्राहक सेवा सहयोगी’. गावाकडे मात्र अजून ‘पोरगं बँकेत क्लार्क लागलं’ असंच सांगतात.

विम्याचं दार जास्त अरुंद आहे. एलआयसीने २०१९ मध्ये सहायकांच्या सुमारे आठ हजार जागा भरायला काढल्या. त्यानंतर २०२५ पर्यंत तरी तेवढी भरती झाली नाही. न्यू इंडिया आणि ओरिएंटल या सर्वसाधारण विमा कंपन्यांनी अलीकडे प्रत्येकी ५०० सहायकांची जाहिरात दिली, तीही साऱ्या देशासाठी.

तरी बीडच्या पोरांनी या परीक्षेचा नाद सोडू नये, असं मला वाटतं. कारण साधं आहे : लिपिकपदाला मुलाखत नाही. जिल्ह्यात पूर्वी जवळची नोकरी म्हणजे जिल्हा बँक, नाहीतर एखादी पतसंस्था. आणि तिथे मार्कांआधी ‘कुणाचा?’ हे विचारलं जायचं. मल्टिस्टेट पतसंस्थांच्या चकचकीत शाखा आल्या तेव्हा अनेकांना तीच बँक वाटली. पुढे त्यांतल्याच ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये ठेवीदारांचे पैसे अडकले आणि गावोगावच्या शाखांना टाळी लागली. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलीला चिठ्ठीवाचून मिळणारी खुर्ची हवी असेल, तर ती इथेच आहे.

अर्ज एकाच राज्यासाठी भरता येतो आणि त्या राज्याची भाषा यावी लागते, हाही आपल्या फायद्याचा नियम. पेपर मराठीत घेता येतो. अडतं ते इंग्रजीपाशी. पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न असतात आणि प्रत्येक विभागाला वेगळी २० मिनिटं. गणितात वाचवलेला वेळ इंग्रजीला देता येत नाही. तालुक्याचे क्लास गणिताच्या युक्त्या घोटून घेतात, इंग्रजी मात्र ‘नंतर बघू’वर राहतं.

जागा आटल्या, त्या एका रात्रीत नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला देशातल्या बँक कर्मचाऱ्यांत निम्म्याहून अधिक कारकून होते. आता ते चौथा हिस्साही नाहीत. सरकारी बँका २७ होत्या, २०२० पासून १२ उरल्या. मराठवाड्याची ओळखीची स्टेट बँक ऑफ हैदराबाद २०१७ मध्ये स्टेट बँकेत विरली. १ मे २०२५ पासून राज्यात ग्रामीण बँकही एकच, मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला.

बँकांपुढची गर्दी मात्र हटलेली नाही. २०२४ मध्ये लाडक्या बहिणींचे पैसे येऊ लागले तेव्हा आधार जोडणीसाठी बँकांपुढे लागलेल्या रांगा आठवा. मग हे काम करतं कोण? बरंचसं बँकमित्र करतो, कमिशनवर. अंगठा घेणं, पैसे देणं, खातं उघडणं, हे सगळं खिडकीवरचंच काम, पण त्याचं नाव पगारपत्रकात नाही.

विम्यात तर हे अधिकच उघड दिसतं. २०२०च्या खरिपात बीडचा पीकविमा घ्यायला कंपन्या पुढे येईनात, तेव्हा भारतीय कृषी विमा कंपनी ८०-११०च्या सूत्रावर आली. भरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार सरकारचा. ८० टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनीने हप्त्याचे २० टक्के ठेवून बाकीचे सरकारला परत करायचे. हाच ‘बीड पॅटर्न’ पुढे राज्यभर गेला. सूत्र मोठं चर्चेत राहिलं, अर्ज भरणाऱ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. सातबारा, पीकपेरा, आधार, पासबुक जुळवून, लटकणाऱ्या पोर्टलशी झगडून सीएससीचा, म्हणजे सामाईक सेवा केंद्राचा, चालक पावती काढून देतो. कंपनी त्याला अर्जामागे ४० रुपये देते. काम विमा कंपनीच्या कारकुनाचं. भविष्य निर्वाह निधी नाही, बढती नाही. बोगस पीकविम्याचा गवगवा झाला तेव्हा बडगा याच केंद्रांवर आला. त्यात काही खरोखर दोषी होते, पण अर्जाच्या संख्येवर पैसे मिळणार असतील तर तपासणीला कोण थांबेल?

बँकेतला कारकून चुकला तर त्याच्या वर अधिकारी असतो, युनियन असते, चौकशीची रीत असते. आणि परीक्षा देऊन तो स्वतःही अधिकारी होऊ शकतो. म्हणून केंद्र चालवत अभ्यास करणाऱ्यांनी एक हिशेब डोळ्यांपुढे ठेवावा : खुल्या गटाला बँक लिपिकाच्या परीक्षेची वयोमर्यादा २८ आहे, इतर मागासवर्गाला तीन आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षं जास्त. ग्रामीण बँकेच्या कार्यालय सहायकाची परीक्षा वेगळी, पण अभ्यास बहुतांशी तोच. तो अर्जही सोबतच भरावा.