कोकण रेल्वे महामंडळाचा नेपाळमधील विस्तार

कोकण रेल्वे महामंडळ ही भारतातील सार्वजनिक क्षेत्रातील रेल्वे कंपनी असून तिचे मुख्यालय नवी मुंबईतील बेलापूर येथे आहे. रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० कि.मी.चा लोहमार्ग चालवणाऱ्या या कंपनीने इ.स. २०१८ नंतर नेपाळमध्ये मार्ग-सर्वेक्षण, गाड्यांचा पुरवठा आणि रेल्वे संचालनासाठी तांत्रिक साहाय्य अशी कामे हाती घेतली.

पार्श्वभूमी

महामंडळाची स्थापना इ.स. १९९० मध्ये झाली. ई. श्रीधरन हे त्याचे पहिले अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक होते. केंद्र सरकारबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ ही राज्ये कंपनीची भागीदार झाली. बांधकामाचा मोठा खर्च कर्जरोख्यांतून उभारण्यात आला. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. एकाच मार्गावरील उत्पन्नाला मर्यादा असल्याने कंपनीने सह्याद्रीतील बोगदे, पूल आणि दरडप्रवण भागातील कामाचा अनुभव बाहेरील प्रकल्पांसाठी वापरण्यास सुरुवात केली.

जयनगर–कुर्था मार्ग

बिहारमधील जयनगर आणि नेपाळमधील जनकपूर यांना जोडणारी अरुंदमापी रेल्वे इ.स. १९३७ पासून चालत होती, ती इ.स. २०१४ मध्ये बंद पडली. त्यानंतर भारत सरकारच्या अनुदानातून इरकॉन या कंपनीने जयनगर ते कुर्था हा सुमारे ३५ कि.मी.चा मार्ग रुंदमापी केला.

मे २०१९ मध्ये नेपाळच्या रेल्वे विभागाने कोकण रेल्वेशी दोन डेमू गाड्यांसाठी करार केला. त्या काळात संजय गुप्ता हे महामंडळाचे अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक होते. १,६०० अश्वशक्तीच्या या गाड्या चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत तयार झाल्या. डेमू गाडीला दोन्ही टोकांना चालककक्ष असतो, त्यामुळे अंतिम स्थानकावर इंजिन फिरवावे लागत नाही. विद्युतीकरण न झालेल्या मार्गासाठी ती सोयीची ठरते.

गाड्या सप्टेंबर २०२० मध्ये नेपाळमध्ये पोहोचल्या, मात्र प्रवासी सेवा लगेच सुरू झाली नाही. मार्गाचे हस्तांतरण ऑक्टोबर २०२१ मध्ये झाले. शिवाय नेपाळमध्ये आधुनिक रुंदमापी रेल्वे चालवण्याचा पूर्वानुभव नव्हता. चालक, देखभाल कर्मचारी, सुरक्षा नियम आणि कायदेशीर चौकट या सर्वांची जुळवाजुळव करावी लागली. संचालनासाठी कोकण रेल्वेच्या तांत्रिक मनुष्यबळाचीही मदत घेण्यात आली. अखेर २ एप्रिल २०२२ रोजी भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि नेपाळचे पंतप्रधान शेर बहादूर देउबा यांच्या हस्ते सेवेचे उद्घाटन झाले. कुर्था–बिजलपुरा हा पुढील टप्पा इ.स. २०२३ मध्ये सुरू झाला.

रक्सौल–काठमांडू सर्वेक्षण

बिहारमधील रक्सौल ते काठमांडू या नियोजित मार्गाच्या प्राथमिक सर्वेक्षणासाठी ऑगस्ट २०१८ मध्ये दोन्ही देशांत सामंजस्य करार झाला आणि हे काम कोकण रेल्वेकडे आले. तराईच्या सपाट प्रदेशातून काठमांडू खोऱ्याकडे चढणाऱ्या या मार्गासाठी बोगदे आणि पूल आवश्यक असल्याने कोकणातील अनुभव येथे उपयुक्त ठरतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये अंतिम मार्ग-सर्वेक्षणासाठीही करार करण्यात आला.

महत्त्व

रेल्वे कंपनीचा परदेशातील विस्तार केवळ रूळ आणि डबे पुरवून पूर्ण होत नाही, हे जयनगर–कुर्था मार्गाच्या उदाहरणातून दिसते. गाड्या मिळाल्यानंतर पहिला प्रवासी नेण्यास दीड वर्षाहून अधिक काळ लागला. म्हणूनच अशा प्रकल्पांत प्रशिक्षण, देखभाल आणि सुरक्षा व्यवस्थेचे नियोजन गाड्यांच्या खरेदीबरोबरच करणे आवश्यक ठरते.