मानवशास्त्र घेणाऱ्या मुलांच्या पाठीशी कोण?

बारावीचा निकाल लागला की बारामती-इंदापूर भागातल्या आपल्या वस्त्यांतून एकच प्रश्न ऐकू येतो, "आता काय घ्यायचं?" नर्सिंग, आयटीआय, डी.फार्मसी, नाहीतर बी.ए. आणि जोडीला एमआयडीसीत काम. अशा वेळी एखादी मुलगी "मला मानवशास्त्र शिकायचंय" म्हणाली तर घरात सगळे एकमेकांकडे बघतात. आई विचारते, "त्याची नोकरी कुठं लागते?" प्रश्न रास्त आहे. ज्या घरातली दोन माणसे रोजंदारीवर राबतात, त्या घराने तो विचारलाच पाहिजे. म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे पदव्युत्तर शिक्षण मिळते. केंद्र सरकारची भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण ही संस्था १९४५ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय कोलकात्यात आहे. संग्रहालये, आरोग्य प्रकल्प आणि गावपाहणीची कामे करणाऱ्या संस्थांनाही अशी माणसे लागतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मानवशास्त्र हा वैकल्पिक विषय घेता येतो. त्याचे २५० गुणांचे दोन पेपर असतात, म्हणजे लेखी परीक्षेच्या १७५० पैकी ५०० गुण. नोकरीची हमी यात नाही. पण बी.ए.च्या दुसऱ्या कोणत्या विषयात ती आहे, हे आम्हांला कोणी सांगावे!

खरी अडचण पुढेच आहे. आपल्या भागातल्या महाविद्यालयांत समाजशास्त्र, भूगोल, इतिहास हे बी.ए.चे नेहमीचे विषय. मानवशास्त्र घेणारी मुले बहुधा इग्नूच्या दूरशिक्षणातून येतात, नाहीतर समाजशास्त्र करता करता स्पर्धा परीक्षेसाठी या विषयाकडे वळतात. दोन्हीकडे मूल एकटे असते. पुस्तके इंग्रजीत किंवा हिंदीत. शेजारच्या बाकावर कोणी नाही, कारण बाकच नाही. असाइनमेंट वेळेवर गेली नाही तर परीक्षेला बसता येत नाही, हे त्याला फॉर्म भरताना कोणी सांगितलेले नसते. एका मुलाला तर कुठल्याशा खिडकीवर "हा विषय आपल्याकडे चालत नाही, दुसरा घे" असे ऐकवून परत पाठवले होते. विषय कुठे चालतो, हे सांगायला कोणी नव्हते.

आमचे शिक्षण बी.कॉम. आणि पोटापाण्याचे काम कारकुनीचे. मानवशास्त्र आम्हांला या मुलांनीच शिकवले. महिन्यातून दोन रविवार दुपारी दोन वाजता इंदापुरात विहारातल्या सतरंजीवर चार-पाच जण बसतात. त्यांत एक जण बारामतीला कंपनीत पाळी करून येतो, एक जण दुकानात कामाला आहे. आमच्याकडे फॉर्म, दाखले, तारखांची वही आणि चहा. अभ्यास त्यांचा ते करतात आणि खरे सांगायचे तर एकमेकांना आमच्यापेक्षा चांगले समजावतात.

एक उदाहरण सांगतो. नातेसंबंधांचा धडा होता. त्यात वंशावळ काढायची पद्धत असते. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन आडव्या रेघा. रिव्हर्स नावाच्या इंग्रज अभ्यासकाने वंशावळी गोळा करण्याची ही रीत १८९८ च्या टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत बसवली. इंग्रजी पुस्तकात 'क्रॉस-कझिन' आणि 'पॅरलल-कझिन' असे शब्द आले तशी मुले अडली. तेवढ्यात दुसऱ्या वर्षाची मुलगी म्हणाली, "अगं, आते-मामे भावंडं आणि चुलत-मावस भावंडं!" झाले, पाच मिनिटांत धडा उलगडला. इंग्रजीत काका, मामा, आत्याचा नवरा सगळे 'अंकल'. त्यामुळे त्या पुस्तकाला जे दोन पानांत समजावावे लागते, ते आपल्या पोरीला लग्नघरात ठाऊक झालेले असते. मामाची मुलगी चालते, मावशीची चालत नाही, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. त्यात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात येतो. तो अवघड ग्रंथ मग या मुलांनी आपापल्या घराची वंशावळ शेजारी ठेवून वाचायला घेतला.

क्षेत्रकार्याचे तसेच. एका मुलीला ऊसतोड कामगारांवर अहवाल लिहायचा होता. साखर कारखान्यांच्या आसपास हंगामात कोप्या पडतात, तिथे ती चाळीस प्रश्नांचा कागद घेऊन सकाळी दहाला गेली. कोप्यांत म्हातारी आणि लहान पोरे, बाकी सारे पहाटेच फडात गेलेले. दुसऱ्या दिवशी माणसे भेटली, पण कागद बघून गप्प. सतरंजीवर हे बोलणे निघाले तेव्हा आधी असे काम केलेला मुलगा म्हणाला, "कागद घरी ठेव. संध्याकाळी चुली पेटल्यावर जा, भाकरी होईपर्यंत बस. वहीत लिहायचं ते घरी येऊन लिही. पण आपण कोण, कशासाठी आलोय, हे पहिल्यांदा सांग." आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती आम्हांला फार मोलाची वाटली. कोणत्या कोयत्याने मुकादमाकडून किती उचल घेतली, हे खऱ्या नावानिशी वहीत लिहायचे नाही. वही दुसऱ्याच्या हाती लागली तर गोत्यात ते जोडपे येईल, आपण नाही. हे शहाणपण पुस्तकात असतेही, पण बरोबरीच्याने सांगितले की ते हातून पाळले जाते.

मुलांनी एकत्र बसून एकमेकांपुढे वाचावे, ही रीत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. जातीचा प्राण जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या चाली ते बंधन टिकवण्यासाठी आल्या, अशी त्याची मांडणी. पुढल्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. आमची मुले वंशावळ काढतात तेव्हा हा निबंध त्यांना पाठ करावा लागत नाही. चार पिढ्यांची सगळी लग्ने एकाच जातीत झालेली कागदावर दिसतात.

या शास्त्राशी आपल्या समाजाचे नाते एवढेच नाही. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख रिस्ली याने नाकाची मापे घेऊन जातींची उतरंड वंशावर बसवू पाहिली. या शास्त्राला पूर्वी मराठीत सर्रास मानववंशशास्त्र म्हणत. त्या 'वंश' शब्दाचा आम्हांला अजून राग येतो. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये घुर्ये यांनी दिलेली मापेच तपासली आणि ब्राह्मण व अस्पृश्य यांचा वंश वेगळा ठरत नाही, हे दाखवले. मापे दुसऱ्यांची, हिशेब त्यांचा. १९३८ साली रॉबर्टसन नावाच्या मिशनऱ्याने 'द महार फोक' हे पुस्तक लिहिले. आपल्याविषयी दुसऱ्याने लिहिलेले वाचताना मुले कधी हसतात, कधी चिडतात. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांना प्रत्यक्ष भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' सिद्ध केले, ते १९८९ साली छापले गेले. क्षेत्रकार्य कसे असते, हे मुलींना त्यातून लवकर कळते.

पुढच्या शिक्षणासाठी परदेशाचे स्वप्न पाहणाऱ्यांना एक सूचना देणे भाग आहे. अनुसूचित जाती वगैरेंसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. म्हणजे ज्या विषयावर बाबासाहेबांनी कोलंबियात निबंध वाचला, त्याच विषयासाठी आपल्या मुलाने ही शिष्यवृत्ती मागितली तर नियम आडवा येणार! यावर देशभर टीका झाली. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची नियमावली पूर्ण वाचावी, आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही पाहावी. पीएच.डी.साठी पुण्यातल्या बार्टीकडे चौकशी करावी. जातीचा दाखला, वैधता आणि उत्पन्नाचा दाखला यांना वेळ लागतो. ते काम पहिल्या वर्षीच सुरू करावे, त्यासाठी आम्ही बसलेलो आहोत.

पालकांकडे आमचे मागणे थोडे आहे. पोरगी वही घेऊन आजीला "तुमच्या लग्नात काय काय झालं?" असे विचारू लागली तर तिला उठवून भांड्यांना पाठवू नका. ज्यांची मुले पदवी करून नोकरीला लागली, त्यांनी जुनी पुस्तके आणि नोट्स रद्दीत घालू नयेत. इग्नूची पुस्तके ई-ज्ञानकोशावर फुकट मिळतात, पण फोनच्या पडद्यावर रात्रभर वाचून डोळे जातात. झेरॉक्सला पैसे लागतात. पुढच्या बैठकीला दोघी नवीन मुली येणार आहेत आणि आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या पुस्तकांचा एकच संच आहे.