थकलेला पगार आणि चाच्यांचा खटला

इंग्लंडच्या इतिहासाची जी पुस्तके आपल्याकडे वाचली जातात, त्यांत राजे, लढाया आणि पार्लमेंट यांची माहिती भरपूर असते. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहणाऱ्या साध्या माणसाची हकीकत त्यांत क्वचितच आढळते. आम्ही शाळेच्या बाकावर फार दिवस बसलो नाही. जे वाचले ते कामाची पाळी सुटल्यावर, सार्वजनिक वाचनालयात बसून. त्यामुळे असेल, आमची नजर राजाकडे जाण्याआधी त्या पिंजऱ्याकडे जाते. १६९६ साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात सहा खलाशांवर चाचेगिरीचा जो खटला चालला, तो आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. गुन्हा, कायदा आणि साम्राज्य या तिन्ही गोष्टींची गाठ त्या एका खटल्यात पडलेली आहे, आणि त्या गाठीचा एक धागा आपल्या सुरत-मुंबईपर्यंत येतो.

मूळ कथा पगाराची आहे. १६९३ साली सर जेम्स हूब्लॉन आणि लंडनचे आणखी काही धनिक व्यापारी यांनी भांडवल जमवून चार जहाजांची एक मोहीम काढली. स्पेनच्या राजाच्या परवान्याने वेस्ट इंडिजकडे जावे, तेथे व्यापार करावा आणि बुडालेल्या जहाजांतील धन वर काढावे, असा बेत होता. भांडवलदार काही लहान असामी नव्हते. सर जेम्स यांचे बंधू सर जॉन हूब्लॉन हे १६९४ साली बँक ऑफ इंग्लंडचे पहिले गव्हर्नर झाले. खलाशांशी करार होता तो दर सहा महिन्यांनी पगार देण्याचा. जहाजे स्पेनमधील कोरुन्या बंदरात आली आणि कागदपत्रांच्या घोळामुळे महिनोन्‌महिने तेथेच अडकून पडली. पगाराची तारीख आली आणि गेली. खलाशांनी अर्ज केले. त्यांच्या बायकांनी लंडनमध्ये मालकाकडे दाद मागितली. तुमची माणसे आता स्पेनच्या राजाच्या चाकरीत आहेत, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. मालक कोण, हे पगाराच्या दिवशी कळेनासे होते. हा अनुभव जगातल्या कुठल्याही कामगाराला नवा नाही.

७ मे १६९४ रोजी हेन्री एव्हरी नावाच्या मेटने 'चार्ल्स द सेकंड' हे ४६ तोफांचे जहाज रातोरात पळविले. कप्तान आजारी पडून होता. जे यायला राजी नव्हते त्यांना कप्तानासह होडीतून किनाऱ्याकडे रवाना केले. जहाजाचे नाव बदलून 'फॅन्सी' ठेवले आणि आफ्रिकेला वळसा घालून ते हिंदी महासागरात आले. सप्टेंबर १६९५ मध्ये एव्हरीने आणि त्याच्या सोबत्यांनी प्रथम सुरतेच्या अब्दुल गफूर या बड्या सौदागराचे जहाज लुटले आणि मग बादशहा औरंगजेबाचे 'गंज-इ-सवाई' पकडले. ते यात्रेकरूंना घेऊन परत येत होते. लुटीचा आकडा मोगलांनी ६ लाख पौंड सांगितला, तर कंपनीने ३ लाख २५ हजार.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. त्या जहाजावर यात्रेकरूंचा छळ झाला, स्त्रियांवर अत्याचार झाले. इतिहासकार खाफीखान याने ते नोंदविले आहे. थकलेल्या पगारामुळे बंड का झाले हे समजते. पण ज्या प्रवाशांनी यांचा एक पैसा बुडविला नव्हता, त्यांच्यावर हात टाकण्याचे समर्थन त्यातून निघत नाही. एव्हरीला गरिबांचा वाली ठरविणाऱ्या कथा इंग्लंडात पुष्कळ झाल्या. आम्हांला त्या पटत नाहीत.

बातमी सुरतेला पोहोचताच शहर खवळले. मोगल अधिकाऱ्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीतील इंग्रजांना बेड्या घालून अटकेत ठेवले. बादशहा त्या काळी मराठ्यांशी झुंजत भीमेकाठी ब्रह्मपुरीच्या छावणीत होता. सिद्दी याकूतने १६८९-९० मध्ये मुंबईला घातलेला वेढा इंग्रज विसरले नव्हते. हिंदुस्थानचा व्यापार कायमचा बुडतो की काय, अशी धास्ती कंपनीला पडली. यात्रेच्या जहाजांना संरक्षण देण्याचे तिने कबूल केले, आणि लंडनमध्ये सरकारने एव्हरीला पकडून देणाराला ५०० पौंडांचे बक्षीस लावले. एव्हरी कधीच सापडला नाही. सापडले ते साधे खलाशी. जॉन डॅन नावाच्या एकाने अंगरख्यात सोन्याची नाणी शिवून घेतली होती. ती खाणावळीतल्या मोलकरणीच्या ध्यानात आली आणि तो पकडला गेला. पुढे तो माफीचा साक्षीदार झाला.

१९ ऑक्टोबर १६९६ रोजी सहा जणांवर 'गंज-इ-सवाई' लुटल्याचा खटला उभा राहिला. एकाने गुन्हा कबूल केला. उरलेल्या पाचांना ज्युरीने निर्दोष ठरविले! कारण ज्युरीने सांगितले नाही. सरकारची मात्र पंचाईत झाली. हा निकाल बादशहाच्या कानी गेला तर इंग्लंड चाच्यांना पाठीशी घालते, असेच तो म्हणणार. तेव्हा बाराच दिवसांनी, ३१ ऑक्टोबरला, त्याच माणसांना पुन्हा उभे केले. आरोप नवा होता: कोरुन्याहून 'चार्ल्स द सेकंड' जहाज चोरल्याचा. न्यायाधीशांनी आधीच्या ज्युरीची निर्भर्त्सना केली. ज्यांना उतरायचे त्यांना उतरू दिले होते, मग तुम्ही का राहिलात, हा प्रश्न आरोपींच्या अंगावर आला. सर्व दोषी ठरले, आणि २५ नोव्हेंबरला पाच जणांना थेम्सकाठच्या वॅपिंग येथे फाशी दिले. कबुली देणारा तेवढा वाचला.

यातली विसंगती पाहण्यासारखी आहे. यात्रेकरूंना लुटल्याच्या आरोपातून जे सुटले, ते मालकाचे जहाज नेल्याच्या आरोपावरून फासावर गेले. सुरतेच्या पीडितांना दाखविण्यासाठी शिक्षा झाली. पण कागदोपत्री ती हूब्लॉन मंडळींच्या मालमत्तेसाठी झाली. आणि त्या मंडळींनी पगार थकविला होता की नाही, हा प्रश्न आरोपपत्रात कोठेच नव्हता.

सरकारने यापुढची तजवीज कायद्यानेच केली. चाच्यांचा खटला इंग्लंडात, ज्युरीपुढे चालावा, असा आठव्या हेन्रीच्या काळचा १५३६ चा कायदा होता. १७०० साली पार्लमेंटने नवा कायदा केला. त्याने सात जणांचे न्यायमंडळ वसाहतीत वा समुद्रावर बसवून, ज्युरीशिवाय, चाच्यांना देहान्ताची शिक्षा देण्याची सोय केली. त्याच कायद्यात आणखी एक कलम होते: ठरल्या सफरीचे जहाज सोडून पळणाऱ्या खलाशाचा येणे असलेला पगार जप्त व्हावा. चाचेगिरी बंद करण्याचा कायदा आणि मजुराला कामावर जखडून ठेवण्याचा कायदा एकाच कागदावर लिहिला गेला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

चाचा कोण आणि शूर दर्यावर्दी कोण, हे पुष्कळदा परवान्यावर ठरे. स्पेनची जहाजे लुटून आलेल्या फ्रान्सिस ड्रेकला १५८१ मध्ये सरदारकी मिळाली. विल्यम किडला १६९६ मध्ये चाचे पकडण्याची सनद मिळाली. त्याच्या भागीदारांत बडे उमराव होते, आणि खलाशांशी करार 'लूट नाही तर पगार नाही' असा होता. जानेवारी १६९८ मध्ये त्याने मलबार किनाऱ्यालगत 'क्वेडा मर्चंट' धरले. त्यावर फ्रेंच परवाना होता, म्हणून ती कायदेशीर लूट, असे त्याचे म्हणणे. खटल्यात परवाने पुढे आलेच नाहीत. २३ मे १७०१ रोजी त्याला फाशी झाले. ते कागद विसाव्या शतकात सरकारी दप्तरात सापडले. उमरावांच्या केसालाही धक्का लागला नव्हता. आपल्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे हे छत्रपती शाहूंचे सरखेल. परवाना घ्या आणि मग समुद्रात फिरा, हा त्यांचा नियम युरोपियनांच्याच नियमासारखा होता. तरी कंपनीच्या दप्तरात ते चाचेच ठरले.

मग कोरुन्याच्या खलाशांनी काय करावयास हवे होते? अर्ज झाला, बायकांची दादफिर्याद झाली. त्यापलीकडे एकजुटीने काम थांबविण्याचा कायदेशीर मार्ग त्या काळी नव्हता. जहाजावर त्याला बंडच म्हणत. १७६८ मध्ये लंडनच्या खलाशांनी पगारासाठी थेम्समधील जहाजांची शिडे खाली उतरविली. शीड उतरविण्याला इंग्रजीत जो 'स्ट्राइक' शब्द, तोच पुढे संपाचा शब्द झाला. तरीही १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी कामगारांचा संघ हाच गुन्हा ठरविला, आणि ते कायदे १८२४ पर्यंत उठले नाहीत. हिंदुस्थानात कटाच्या आरोपापासून कामगार संघांना कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९२६ साली.

अर्ज आणि बंड यांच्यामध्ये जी जागा कोरुन्यात रिकामी होती, ती भरून काढायला इतकी वर्षे लागली. ती जागा जेथे जेथे पुन्हा रिकामी होते, तेथे कोणी एखादा एव्हरी उभा राहतो. लूट तो नेतो, आणि फासाखाली मान जाते ती मागे राहिलेल्या पाच खलाशांची.