रानातील हवेचे परीक्षण

दुधनीच्या शेतकऱ्याला आपल्या शेताची माती पिशवीत भरून आणि विहिरीचे पाणी बाटलीत घालून प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठविता येते. हवेतील सर्वच घटकांची परीक्षा मात्र अशा रीतीने करता येत नाही. ओझोनसारखे काही वायू इतके क्रियाशील असतात की, बाटलीत भरल्यास ते वाटेतच नाहीसे होतात. म्हणून त्यांचे मापन जागच्या जागी करावे लागते.

निलगिरी, बांबू इत्यादींच्या पानांतून ऊन चढताच आयसोप्रीन नावाचा वायू बाहेर पडतो. दिवसा तो हवेत जेमतेम काही तास टिकतो. हवा स्वच्छ असेल तर त्यापासून ओझोन फारसा वाढत नाही. परंतु मोटारी, कारखाने किंवा जाळलेला काडीकचरा यांच्या धुरातील नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात मिसळले, म्हणजे सूर्यप्रकाशात ओझोन तयार होतो. तेव्हा दोष झाडांचा नसून धुराचा आहे.

या वायूंचे प्रमाण हवेच्या एक अब्ज भागांत काही भाग, इतके अल्प असते. ते मोजण्यासाठी रानात मनोरा उभारून टेफ्लॉनच्या नळीने हवा यंत्रात ओढून घेतात. कारण टेफ्लॉनशी या वायूंचा संयोग सहसा होत नाही. ओझोन अतिनील किरण शोषून घेतो. किती किरण शोषले गेले, त्यावरून त्याचे प्रमाण कळते. नायट्रिक ऑक्साइडमध्ये ओझोन सोडला असता मंद प्रकाश निर्माण होतो; तो मोजून त्या वायूचे प्रमाण ठरवितात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2012 साली महाबळेश्वर येथे प्रयोगशाळा स्थापून सह्याद्रीच्या वनप्रदेशातील हवेत अशी मापने केली.

या मापनाचा शेतीशी निकटचा संबंध आहे. कॅलिफोर्नियातील द्राक्षांच्या पानांवर पडणारे बारीक काळपट ठिपके ओझोनमुळे पडतात, असे 1958 साली सिद्ध झाले. गहू व सोयाबीन या पिकांचे उत्पन्नही ओझोनने घटते. असे ठिपके बहुधा जुन्या पानांच्या वरच्या बाजूस, शिरांच्या मधल्या भागात दिसतात. हा बुरशीचा रोग नव्हे. म्हणून बुरशीनाशक फवारल्याने तो बरा होत नाही, खर्च मात्र वाया जातो.

दुधनीच्या काळ्या रानात घनदाट अरण्य नाही. तथापि बांधावरची झाडे, कडक ऊन आणि धूर ही तिन्ही तेथेही आहेत, आणि वारा शिवेपाशी थांबत नाही. यास्तव शेतातील काडीकचरा न जाळता त्याचे कंपोस्ट खत करावे, बांधावरची झाडे राखावीत, आणि पानांवर अनोळखी ठिपके आढळल्यास फवारणीपूर्वी ती पाने कृषी अधिकाऱ्यास दाखवावीत. हवा पिशवीत घालून नेता येत नसली, तरी पान नेता येते.